पासलीची काळी कॅसेट

ती कॅसेट घरात आली तेव्हा तिच्याबरोबर चुलीचा वासही आला. काड्यापेटीहून थोडी मोठी, काळी, कडांना काजळी धरलेली एवढीशी वस्तू. रुमालात गुंडाळून वरच्या खिशात ठेवली होती, तरी पासलीहून निघून भोरच्या स्टँडवर उतरेपर्यंत माझ्या शर्टाला धूर लागला. एसटीत शेजारी बसलेली बाई सारखी वळून माझ्याकडे बघत होती. चांगला इस्त्रीचा शर्ट घातलेला पुरुषमाणूस आणि वास चुलीपुढून उठून आल्यासारखा, याचं तिला नवल वाटलं असणार.

मला तो वास नवा नव्हता. एके काळी लग्नसराईत आम्ही दोघं भाऊ हाच वास अंगावर घेऊन घरी यायचो. धूर, हळद, घाम आणि जळक्या किड्यांचा वास. मांडवात आमचा हॅलोजन पेटला की साऱ्या शिवारातले किडे त्याच्यावर येऊन पडायचे आणि तडतडायचे. लाईट धरायचं काम माझं, कॅमेरा सुभाषचा. सुभाष माझा धाकटा भाऊ. घरी येऊन कंप्युटरवर बसायचं, कापायचं, जोडायचं, वर फुलं उधळायची आणि कमळातून नवरी काढायची हे पुन्हा माझं. भोर आणि वेल्हं या दोन तालुक्यांतल्या कितीतरी नवऱ्या मी कमळातून काढल्या आहेत. माझं स्वतःचं लग्न मात्र दुसऱ्यांची लावता लावता राहूनच गेलं.

सुभाष गेला तेव्हा त्याची मुलगी सानिका अजून पाळण्यात होती. आता ती कॉलेजला जाते. घरात आम्ही तिघं, मी, सानिका आणि तिची आई रंजना. भिंतीवर सुभाषचा फोटो आहे, कपाटात आणखी काही फोटो आहेत. त्यामुळे बापाचा चेहरा तिला पाठ आहे. तो फोटोत कधी हसत नाही, कारण कॅमेऱ्यापुढे उभं केलं की त्याला घाम फुटायचा. कॅमेऱ्यामागे मात्र तो राजा होता.

दिवाळीत सानिका पणत्यांचा व्हिडिओ काढत बसली होती. मधेच मोबाईल खाली ठेवून तिने मला विचारलं, ‘‘काका, पप्पांचा आवाज कुठेच नाही का?’’

मी म्हणालो, ‘‘कुठे असणार?’’

‘‘तुम्ही दोघं भाऊ व्हिडिओचा धंदा करत होता. सगळ्या गावाचे आवाज घेतलेत. आणि आपल्या घरात एक आवाज नाही?’’

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. रंजना करंज्या तळत होती. तिने झारा तसाच हातात धरला. म्हणाली, ‘‘भाऊजी, खरं सांगू का? मलापण नाही आठवत आता. ‘ऐकलंस का’ म्हणायचे, एवढं आठवतं. पण कसं म्हणायचे ते गेलं. मी झोपताना आठवून बघते. तर ते तुमच्या आवाजात येतं, नाहीतर टीव्हीतल्या कुणाच्या तरी.’’

त्या रात्रीपासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, हे कबूल करतो. चेहरा राहतो आणि आवाज जातो, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. मी दुसऱ्याच दिवशी माळ्यावरची खोकी काढली आणि सीड्या एकामागून एक लावून बघायला लागलो.

मार्गशीर्षात सुरू झालेली लग्नं पार ज्येष्ठाच्या तोंडापर्यंत चालायची. वेल्ह्याच्या खोऱ्यात शिरलं की एका अंगाला राजगड, समोर तोरणा आणि मधे भाताची खाचरं, रिकामी, धसकटं उभी असलेली. जीप रस्ता संपेल तिथे सोडायची. पुढे स्टँड माझ्या खांद्यावर, वायरीचं वेटोळं गळ्यात आणि कॅमेऱ्याची पेटी सुभाषच्या छातीशी, तान्ह्या मुलासारखी धरलेली. वाडीच्या तोंडावर पोरं आरडायची, शूटिंगवाले आले! मग नवरदेवाच्या आधी आम्हाला चहा. मांडवावर टाकलेले जांभळीचे टाळे अजून ओले असायचे, त्यांचा हिरवा तुरट वास. कोपऱ्यात मोठ्या हंड्यात आंबेमोहर शिजत असायचा आणि त्याची वाफ मांडवात शिरली की भटजींचं लक्षसुद्धा मंत्रावरून उडायचं. पलीकडे जनरेटर धडधडत असायचा. त्याच्या तालावर ताशेवाला ताशा शेकत बसलेला, तडम तडम करून बघणारा.

सुभाष या सगळ्यातून वाट काढत हिंडायचा आणि सतत बोलायचा. ‘‘हं, चालू. मामा, पोटावरची पिशवी काढा की. वन्स, माज्याकडं न्हाई, नवरीकडं बगा. आजी, डोळं पुसू नका, ऱ्हाऊ द्या, लई ब्येस दिसतंय.’’ माणसं त्याच्यामुळे मोकळी व्हायची. पहिल्यांदा कॅमेरा बघणारी म्हातारी काठी टाकून त्याच्याशी भांडायची आणि ते भांडणच सगळ्यात चांगलं यायचं.

आणि मग ती मागणी. एक विधी झाला की बायकांचा घोळका त्याच्याभोवती. ‘‘दाव की रं आमाला. बगू दे कसं आलंया.’’ दुसरा कुणी असता तर नाही म्हणाला असता. सुभाष कॅमेऱ्याचा छोटा पडदा उघडायचा, कॅसेट मागे न्यायचा आणि दाखवायचा. एवढ्याशा चौकटीवर पाच-सहा डोकी एकमेकांना लागायची. तोंडावर पदर धरून कुणी म्हणायची, ‘‘अगं बया, ही मीच का? एवढी म्हातारी कवा झाले?’’ आरशात उभं राहिलेलं तोंड त्यांनी पाहिलं होतं. स्वतःला चालताना, वाढताना, हसताना पाहिलं नव्हतं. त्यांचं ते हसू ऐकायला मी लाईट खाली घेऊन थांबायचो.

इथे मला धंद्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. त्या कॅसेटवर चित्राबरोबर वेळही उमटते. पट्टी शून्यापासून सुरू होते आणि पुढच्या प्रत्येक क्षणाला स्वतःचा एक आकडा मिळतो. पण मधेच मागे जाऊन कुणाला दाखवलं आणि परत येताना थोडं जास्त पुढे गेलं, मधे कोरी पट्टी राहिली, की कॅमेऱ्याला वाटतं ही नवी कॅसेट. तो पुन्हा शून्यापासून मोजायला लागतो. सुभाषच्या कॅसेटीत अशी शून्यं जागोजागी पडलेली असायची. जिथे जिथे बायांनी स्वतःला पाहिलं, तिथे तिथे वेळ नव्याने सुरू झालेली.

आमच्या कंप्युटरची डिस्क तेव्हा लहान होती. अख्खी कॅसेट तिच्यात मावायची नाही. म्हणून काम दोन फेऱ्यांत करायचं. पहिल्या फेरीत कॅसेट नुसती बघत जायची. चांगलं काही सुरू झालं की एक बटण, संपलं की दुसरं आणि त्या तुकड्याला नाव. ‘हळद’, ‘मामा’, ‘पंगत’, ‘रडारड’. या फेरीत कंप्युटरमध्ये काही येत नाही, फक्त कुठून कुठपर्यंत हवं त्याचे आकडे लागतात. सगळं झालं की सॉफ्टवेअरला म्हणायचं, आता घे. मग ते आपणहून कॅसेट मागे नेतं, पहिला आकडा शोधतं, तेवढा तुकडा आत ओढतं, दुसऱ्यावर जातं. याला आम्ही बॅच लावणं म्हणायचो. भात शिजायला टाकून बाई अंगणात येते, तसा मी बॅच लावून चहाला खाली उतरायचो.

शून्य पडलेल्या कॅसेटला मात्र बॅच चालत नाही. एकच आकडा चार ठिकाणी असला की सॉफ्टवेअर चकतं, भलत्याच जागी जाऊन उभं राहतं. अशी कॅसेट हातात देताना सुभाष म्हणायचा, ‘‘दादा, हिला बॅच लावू नकोस. लई जनींना दाखवलंय.’’ मग ती मी हाताने घ्यायचो. प्रत्येक वेळी तो न चुकता सांगायचा, म्हणून मला स्वतःला ते लक्षात ठेवायची सवयच लागली नाही.

आणि त्याचं बोलणं? ते कापणं हेच तर माझं पहिलं काम. गिऱ्हाइकाला लग्नात कॅमेरावाल्याची बडबड नको असते. ‘हं, चालू’ संपलं, ‘पिशवी काढा’ संपलं की मग माझं बटण पडायचं. त्याचं शेवटचं अक्षर आणि माझं बोट यांच्यात केसाइतकं अंतर राहायचं, आणि त्याचा मला गर्व होता. राहिलंसाहिलं सनईखाली जायचं. ऑर्डर गेली की कॅसेट पुढच्या लग्नाला. तिच्यावरच नवं लग्न चढायचं. तेव्हा कॅसेट महाग होती, सगळेच असं करायचे, यात कुणाचं काही चुकलं नाही. पण आता खोक्यातल्या सीड्या लावत बसलो तर सगळीकडे सनई. सनई, कमळ, फुलं. माझी स्वच्छ कामगिरी. कुठेही सुभाष नाही. एका ठिकाणी कुणीतरी कॅमेऱ्यामागे खाकरल्यासारखं वाटलं, तर मी ते इतक्या वेळा मागेपुढे केलं की शेवटी सीडीच अडकली.

मग मला पासलीचा म्हातारा आठवला. सगळ्या तालुक्यात तो एकटाच असा भेटला होता, ज्याने सीडी घेऊनही मूळ कॅसेट मागितली. भोरच्या दुकानात येऊन दारातच बसला होता. म्हणाला, ‘‘सून माज्या घरात, मग तिचं लगीन तुमच्या कपाटात कशाला? काळी कॅशेट द्या.’’ त्याच्याकडे ती लावायला काहीही नव्हतं, वाडीत वीज दोन दिवसांआड यायची. सुभाष खूप हसला होता आणि त्याने कॅसेट देऊन टाकली होती.

पासलीला गेलो तेव्हा भात कापणी उरकत आली होती. खळ्यावर झोडणी चालली होती आणि हवेत पेंढ्याची बारीक कुसळं उडत होती. म्हातारा राहिला नाही, हे कळलं. त्याची बायको, हिराबाई, ओट्यावर सूप घेऊन बसली होती. मला बघून तिने कपाळावर हात आडवा धरला.

‘‘ओळखलं का, मावशी?’’

‘‘व्हय तर. लाईटवाला न्हवं का तू? त्यो बोलका, त्यो तुजा भाव.’’

भाऊ गेल्याचं तिला सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं आणि बराच वेळ नुसती च् च् करत राहिली. मग कॅसेटचं विचारलं.

‘‘हाय की. कुठं जातीया?’’ म्हणून ती आत गेली. चुलीच्या वर आढ्याला एक गाठोडं टांगलेलं होतं. ते तिने काठीने खाली घेतलं. त्यात भोपळ्याच्या बिया होत्या, काकडीच्या होत्या, राखेत घोळलेल्या घेवड्याच्या होत्या आणि त्यांच्या मधोमध प्लास्टिकच्या कागदात कॅसेट. ‘‘म्हातारा म्हनाला, हे लग्नाचं बी हाय, भिजू देऊ नगं. हितं पावसाळ्यात चुलीवर टांगल्याबिगार काय सुदिक कोरडं ऱ्हात न्हाई.’’

यात चूक काढायला जागा नव्हती. तिकडे पावसाळ्यात भिंतीला बुरशी येते, पेटीतल्या लुगड्यांना येते. बी जसं राखतात तशी त्यांनी कॅसेट राखली होती. इतकी वर्षं दोन वेळचा धूर आणि धग खाऊन.

हिराबाई कॅसेट माझ्या हातात देऊन म्हणाली, ‘‘लई बोलला त्यो त्या दिशी माज्यासंगं. पेढं आनलं हुतं. त्याला पोरगी झाली हुती नव्हं?’’

मी पुढे सरकलो. ‘‘काय बोलला, मावशी?’’

‘‘म्या म्हनलं, आरं पोरगी झाली न् पेढं? तर म्हनला...’’ तिने डोळे बारीक केले. ‘‘काय म्हनला बया... न्हाई आता याद. पर मशीन चालूच हुतं त्याचं. म्या म्हनलं बंद कर की, तर म्हनला असू द्या मावशी.’’ निघताना तिने मागून हाक मारली. ‘‘परत आनून दे बरं का. म्हातारा हाय तिच्यात.’’

म्हणजे आवाज तर होताच. आणि सुभाष त्यात सानिकाविषयी बोलत होता. एसटीत मी खिशावर हात ठेवून बसलो होतो ते त्यासाठी.

आमचा कॅमेरा केव्हाच मेला होता. सारोळ्याला हायवेच्या अंगाला एक शूटिंगवाला आहे, तो आता ड्रोन उडवतो. आताची लग्नं हायवेवरच्या कार्यालयांत होतात, तिथे नवरी धुरातून येते, पण तो धूर मशीनचा. त्याच्या गोदामात एक जुना कॅमेरा पडून होता. त्याने तो मला असाच देऊन टाकला. म्हणाला, ‘‘बघा, फिरतोय. किती फिरेल सांगत नाही.’’ त्या कॅमेऱ्याची वायर जाईल असं भोक फक्त आमच्या जुन्या कंप्युटरला होतं, म्हणून तो पुसून, पंखा साफ करून मांडला. सॉफ्टवेअरही तेच जुनं, तीच करडी खिडकी.

सकाळी सानिका कॉलेजला निघाली तेव्हा म्हणाली, ‘‘मी आल्याशिवाय लावू नका ना, काका.’’

मी म्हणालो, ‘‘तू येईपर्यंत तयार करून ठेवतो. आल्यावर नुसतं ऐकायचं.’’

मला खरंच तसं वाटत होतं. पोरीने अख्खी कॅसेट का बसून बघावी? तिला तिच्या बापाचे तुकडे नीट कापलेले, नाव दिलेले, ताटात वाढल्यासारखे द्यावेत. डिस्कवर जुना पसारा होता, जागा थोडीच उरली होती. ती रिकामी करायला वेळ लागला असता आणि मला धीर नव्हता. रंजना शिवणाला गेली होती. मी कॅसेट आत सरकवली. झाकण मिटलं, आत पट्टी ओढली गेली आणि ती बारीक गुणगुण सुरू झाली.

आधी पडद्यावर नुसते चौकोन. हिरवे, निळे. मग मांडवाचा एक कोपरा जुळून आला. मग आला तो.

‘‘हं, चालू.’’

मला वाटलं होतं, मी रडेन. रडलो नाही. हात आपोआप बटणावर गेला, आणि मी स्वतःला म्हणालो, आज आधी दाब. आज शब्दाच्या आधी. इतकी वर्षं ज्याच्या मागून माझं बोट पडायचं, त्याच्या पुढून पडू दे. एकही अक्षर सांडू द्यायचं नाही. ‘‘मामा, अंतरपाट जरा खाली.’’ बटण. ‘‘दादा, लाईट वर घे. वर. हां, बास.’’ बटण. मला हाक मारत होता तो. मी लाईट वर घेतल्याचंही दिसलं, माणसांच्या सावल्या खाली सरकल्या. नाव देताना माझी बोटं चुकत होती.

मग हिराबाई आली, काळे केस, कपाळभर कुंकू. पदराखाली पेढ्याचा पुडा.

‘‘पोरगी झाली न् पेढं वाटतूस व्हय रं? पोरीला बर्फी वाटत्यात.’’

आणि मागून सुभाष, ‘‘पेढंच. आन् रडती कशी मावशी, जनरेटर मागं पडंल. सारी आळी उठून बसती. म्या तिला म्हनलं, रड बाई रड, तुजंच घर हाय.’’

‘‘बंद कर की ते.’’

‘‘असू द्या मावशी.’’

बटण. वाक्य पुरं आलं होतं. पुढेमागे चांगली जागा सोडून मी खूण केली होती. तुकड्याला नाव दिलं, ‘सानिका’. मग उठलो, खिडकीत जाऊन उभा राहिलो. खाली रस्त्यावर दुधाचा टेम्पो चालला होता. आमच्याकडे मुलगी सासरी निघाली की सगळा मांडव रडतो, कारण ती परक्याची असते, हे मी शेकडो वेळा कापलं आणि जोडलं. आणि हा माणूस पाळण्यातल्या पोरीला सांगून गेला होता की तुझंच घर आहे. सांगून गेला होता आणि ते चुलीवर टांगलेलं होतं.

मी परत येऊन बसलो. उरलेली कॅसेट पाहिली नाही. जे हवं ते मिळालं होतं. मग, जेवून हात धुवावेत तशा सवयीने, मी बॅच लावली. आणि सवयीनेच चहा टाकायला खाली गेलो.

मला सांगायला कुणी नव्हतं. हे कारण नाही, मला ठाऊक आहे. पण ‘दादा, हिला बॅच लावू नकोस’ म्हणणारा माणूस मीच तर वर शोधत होतो.

दूध उतू आलं तेव्हा वरून आवाज आला. कॅसेट पुढे पळत होती, थांबत होती, मागे पळत होती. पुन्हा पुढे. पुन्हा मागे. सॉफ्टवेअर एक आकडा शोधत होतं आणि त्या आकड्याच्या जागा चार. मी धावलो. जिन्यातच तो करकर आवाज ऐकू आला.

पट्टी आतल्या फिरत्या चकतीला गुंडाळली गेली होती. चिमट्याने, सुईने, जीव मुठीत धरून सोडवली. तुटली असती तर जोडता आली असती. मी उजेडात धरली तर तिच्यातून खिडकीचे गज दिसले. धुराने आणि धगीने आधीच सैल झालेला तो तपकिरी थर मागेपुढे घासून निघून गेला होता. चित्र आणि आवाज असतो तो त्या थरात, आणि सुभाष बोलला होता ती जागा याच पट्टीत होती. चकतीवर त्याची तपकिरी पूड बसली होती. मी ती बोटाने पुसली, बोटाकडे बघितलं आणि कुठे पुसावं ते कळेना.

कंप्युटरवर तुकडे मात्र आले होते. सगळ्यांना मी दिलेली नावं होती. ‘सानिका’ उघडला. पंगत बसलेली. पासलीचा म्हातारा पितळी पातेल्यातून भात वाढतोय, वाकून, आग्रह करून, ओठ हलतायत, आणि वर ताशा इतक्या जोरात वाजतोय की दुसरं काही ऐकू येत नाही. स्वच्छ चित्र. हिराबाईला तिचा म्हातारा मिळाला. मी तो तुकडा बंद केला, पुन्हा उघडला. पुन्हा म्हातारा भात वाढत होता. ‘लाईट’ उघडला, त्यात कुणाची तरी पावलं. ‘चालू’ उघडला, त्यात मांडवाचं छत. बाकीची पट्टी हाताने चालवून पाहिली. रडारड होती, वऱ्हाड निघत होतं, सुभाषचा आवाज सगळ्या गलक्याखाली बुडालेला, आणि तिथपर्यंत येता येता चकतीच पूर्ण माखली आणि कॅमेऱ्याने निळा पडदा धरला. तो अजून निळाच आहे.

सानिका आली ती जिना चढतानाच विचारत आली, ‘‘मिळाला?’’

मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. ती रडेल, ओरडेल, मला वाटेल ते बोलेल म्हणून मी खुर्चीत अंग चोरून बसलो होतो. तिने पट्टी हातात घेतली, माझ्यासारखीच उजेडात धरली. रंजना मागोमाग आली होती, ती दाराशी उभी राहिली.

‘‘पुण्यात कुणाकडे...’’ सानिका म्हणाली.

‘‘थरच नाही गं त्याच्यावर.’’

‘‘काय म्हणाले ते?’’

मी सांगितलं. पेढे, बर्फी, जनरेटर. ‘रड बाई रड, तुजंच घर हाय.’ दाराशी रंजनाने चौकटीला हात लावला आणि ती एकदम वळून खाली निघून गेली.

सानिकाने पर्समधून मोबाईल काढला आणि माझ्या तोंडाजवळ धरला. ‘‘ते म्हणाले तसं म्हणा, काका. आई म्हणते तुमचे आवाज सारखे होते. फोनवर लोक फसायचे.’’

मी घसा साफ केला. म्हणालो. नीट आलं नाही म्हणून पुन्हा म्हणालो, जरा वरच्या पट्टीत, तो बोलायचा तसं शब्द पुढे ढकलत. तिने मोबाईल कानाला लावून ऐकलं. मग अंगठ्याने पुसून टाकलं.

‘‘हा तुमचा आवाज आहे,’’ ती म्हणाली. ‘‘रोज मला जेवायला हाक मारता, तोच.’’

बोलायला माझ्याकडे तो एकच आवाज होता.

थोड्या वेळाने तिने विचारलं, ‘‘पण तुम्ही ऐकला ना? खरंच ऐकला ना?’’

‘‘ऐकला.’’

‘‘हसत होते का? हे म्हणताना?’’

मी आठवायला लागलो. शब्द होते, सगळे होते, ओळीने होते. पण ते येत असताना मी बटणावर बोट ठेवून बसलो होतो, आणि माझा सगळा जीव वाक्य कुठे संपतं याच्यावर होता. एक अक्षर कापलं जाऊ नये म्हणून. तो हसत होता का, आवाज भरून आला होता का, की उन्हात दमून नुसता बोलत होता, ते मी ऐकलंच नव्हतं.

‘‘हो,’’ मी म्हणालो. ‘‘खूप हसत होता.’’

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मी आणखी काही सांगेन म्हणून.